आधी फरक, मग पद्धत: प्राथमिक वर्गात पदार्थ आणि मिश्रणे शिकवताना

तिसरी ते पाचवीच्या वर्गात मिश्रणांचा भाग आला की फळ्यावर वेचणे, चाळणे, पाखडणे, निवळणे, गाळणे, बाष्पीभवन अशी यादी उतरते. मुले ती पाठ करतात आणि ‘तांदळातील खडे कोणत्या पद्धतीने वेगळे कराल?’ या प्रश्नाचे उत्तर बिनचूक लिहितात. त्याच मुलांपुढे वाळू आणि मीठ एकत्र करून ठेवले, तर बरीचशी मुले चाळणी मागतात. त्यांना पद्धतींची नावे येतात. कोणती पद्धत कधी आणि का वापरायची, हे मात्र कोणी विचारलेलेच नसते. मिश्रण वेगळे करण्याची प्रत्येक पद्धत घटकांमधल्या कोणत्या तरी एका फरकावर चालते: आकार, वजन, पाण्यात विरघळणे किंवा न विरघळणे, लोहचुंबकाकडे ओढले जाणे. म्हणून वर्गात पहिला प्रश्न ‘कसे वेगळे कराल?’ हा न ठेवता ‘या दोघांत फरक काय?’ हा ठेवावा आणि पद्धतीचे नाव मुलांनी ती हाताने केल्यानंतरच सांगावे. खालील आखणी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शाळा डोळ्यांसमोर ठेवून, पस्तीस-चाळीस मिनिटांच्या साधारण सात-आठ तासिकांसाठी केली आहे.

वेळ आणि साहित्य

हा भाग वर्षात कधी शिकवायचा, याचा विचार आधी करावा, कारण बाष्पीभवनाचा प्रयोग उन्हावर अवलंबून आहे. जुलै-ऑगस्टमध्ये महाबळेश्वर, जावळी, पाटण या भागांत ताटलीतले मिठाचे पाणी दिवसेंदिवस तसेच राहते आणि मुलांचा उत्साह मावळतो. तेच पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये जत, आटपाडी किंवा माण-खटावच्या उन्हात लवकर आटते. पाठ्यक्रमाच्या क्रमामुळे पावसाळ्यातच शिकवणे भाग पडले, तर बाष्पीभवन शिक्षकांनी स्वतः शेगडीवर करून दाखवावे आणि उन्हातला प्रयोग हिवाळा सरल्यावर पुन्हा घ्यावा.

साहित्य महाग नाही. पिठाची, रव्याची आणि वाळूची अशा तीन चाळण्या, सूप, काचेचे किंवा पारदर्शक प्लास्टिकचे ग्लास, स्टीलची पसरट ताटे, मांजरपाटाचे धुतलेले तुकडे, भिंग, तुरटीचा खडा, टाचण्या आणि लोहचुंबक एवढे पुरते. चांगले चुंबक रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात जुन्या स्पीकरमधून मिळते. पोषण आहाराच्या खोलीतला मोठा वजनकाटा येथे उपयोगाचा नाही. एका ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला छोटा काटा मिळवावा. लोखंडाचा कीस हवा म्हणून लेथच्या कारखान्यातून बुरादा आणण्याचा मोह होतो, पण तो धारदार असल्यामुळे मुलांची बोटे कापतात, शिवाय त्यातले काही स्टील चुंबकाला चिकटतही नाही. टाचण्या बऱ्या. वर्गातला कोणताही पदार्थ चाखायचा नाही आणि शेगडीजवळ फक्त शिक्षकांनी जायचे, हे दोन नियम पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावेत.

पहिला टप्पा: पदार्थ म्हणजे काय

जे जागा व्यापते आणि ज्याला वस्तुमान असते ते द्रव्य, ही व्याख्या मुलांना दगड आणि पाण्याच्या बाबतीत लगेच पटते. हवेच्या बाबतीत पटत नाही. म्हणून सुरुवात हवेपासून करावी. ग्लासाच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवावा आणि ग्लास सरळ उपडा धरून पाण्याच्या बादलीत दाबावा. बोळा कोरडा निघतो. मग ग्लास थोडा तिरका करायला सांगावे. बुडबुडे वर येतात आणि बोळा भिजतो. पाणी आत का गेले नाही आणि नंतर का गेले, हे मुलांना आपापसांत बोलू द्यावे. वजनासाठी फुटबॉल वापरावा. आकार टिकून आहे पण दाबल्यावर मऊ लागतो, अशा अवस्थेत तो काट्यावर ठेवावा, नंतर पंपाने घट्ट भरून पुन्हा ठेवावा. वजन काही ग्रॅमने वाढलेले दिसते. फुग्याने हा प्रयोग करू नये, कारण फुगताना फुग्याचा आकारही वाढतो, तेवढी बाहेरची हवा त्याला वर उचलते आणि वजनातला फरक जवळजवळ नाहीसा होतो.

स्थायू, द्रव आणि वायू यांची उदाहरणे मुले धडाधड देतात, त्यात वेळ घालवण्याची गरज नाही. वेळ घालवावा तो रव्यावर. एका वाटीतून दुसऱ्या वाटीत रवा ओतून दाखवावा आणि विचारावे: रवा ओतता येतो, भांड्याचा आकारही घेतो, मग तो द्रव का म्हणायचा नाही? वर्गाचे दोन तट पडतात आणि ते पडू द्यावेत. त्यानंतर रवा आणि पाणी ताटात शेजारी शेजारी ओतावे. रव्याचा ढीग होतो, पाण्याचा होत नाही. भिंगातून पाहिल्यावर रव्याचा प्रत्येक कण आपला आकार धरून असलेला दिसतो. ओतताना कणांच्या जागा बदलल्या, कणांचा आकार बदलला नाही. हळद, ज्वारीचे पीठ, वाळू यांच्याबाबत हाच प्रश्न पुन्हा विचारावा. चूर्ण हा स्थायूच असतो, हे एकदा हातात आले की पुढे मिश्रणातल्या कणांविषयी बोलणे फार सोपे जाते.

अवस्थाबदलासाठी झाकण घट्ट लावलेल्या स्टीलच्या डब्यात बर्फ ठेवावा. बाहेरून थेंब जमतात आणि ‘डबा गळतोय की!’ हे पहिले उत्तर ठरलेले असते. बर्फ करताना पाण्यात थोडा खाण्याचा रंग घातला असेल, तर बाहेरचे थेंब बिनरंगी निघतात आणि गळतीचा मुद्दा आपोआप निकालात निघतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत दुष्काळी पट्ट्यात थेंब कमी जमतील, हे ध्यानात ठेवावे. जाता जाता, पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते हे वाक्य समुद्रसपाटीपुरते खरे आहे. सुमारे १३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात ते ९५-९६ अंशांनाच उकळते. तेथील शाळेत तापमापी वापरली तर १०० चा आकडा येणार नाही आणि त्यात तापमापीचा दोष नसेल.

दुसरा टप्पा: विरघळले म्हणजे नाहीसे झाले का?

पुढच्या सगळ्या शिकवण्याचा भार या टप्प्यावर आहे, म्हणून याला दोन तासिका द्याव्यात. ग्लासात १०० मिलिलीटर पाणी घ्यावे, शेजारी कागदावर १० ग्रॅम मीठ घ्यावे आणि ग्लास, पाणी, मीठ, कागद असे सगळे एकदम काट्यावर ठेवून आकडा फळ्यावर लिहावा. मीठ पाण्यात घालून ढवळण्यापूर्वी प्रत्येक गटाने अंदाज लिहायचा: वजन कमी होईल, वाढेल की तेवढेच राहील? ‘कमी होईल’ असे लिहिणारी मुले भरपूर निघतात, कारण दिसेनासे झालेले मीठ त्यांच्या लेखी संपलेले असते. ढवळल्यानंतर सगळे पुन्हा काट्यावर ठेवावे, कागद आणि चमच्याला चिकटलेले थेंब विसरू नयेत. आकडा तोच येतो. या क्षणी शिक्षकांनी स्पष्टीकरण देण्याची घाई करू नये. मीठ कुठे आहे, ते दिसत का नाही, ग्लासाच्या तळाशी जास्त आणि वर कमी असेल का, हे प्रश्न मुलांच्याच तोंडून येतात आणि ते फळ्यावर लिहून ठेवले तर पुढच्या तासिकांचे काम सोपे होते.

येथे एक गोंधळ हमखास होतो. साखर पाण्यात गेली की मुले ‘वितळली’ म्हणतात आणि उन्हात ठेवलेला बर्फ ‘विरघळला’ म्हणतात. घरीही असेच बोलले जाते, तेव्हा त्यावरून मुलांना टोकू नये. दोन ताटल्या शेजारी ठेवाव्यात. एकीत तुपाचा गोळा उन्हात, दुसरीत पाण्यात साखर सावलीत. पहिल्यात एकच पदार्थ आणि उष्णता लागली. दुसऱ्यात दोन पदार्थ लागले आणि शेगडी किंवा ऊन लागले नाही. एवढे तुलनेने पाहिले की फरक टिकतो.

त्यानंतर ‘किती विरघळेल?’ हा प्रयोग घ्यावा. १०० मिलिलीटर पाण्यात मीठ पाच-पाच ग्रॅमने घालत जावे आणि प्रत्येक वेळी पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे. वर्गाच्या तापमानाला सुमारे ३६ ग्रॅमपर्यंत मीठ विरघळते आणि पुढचे तळाशी बसते. साखरेचा प्रयोग शेवटपर्यंत नेऊ नये, कारण तेवढ्याच पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर मावते आणि ती वाया जाते. दोन-चार चमचे घालून दाखवून आकडा सांगितला तरी पुरे. पाणी ‘भरले’ की आणखी घेत नाही, हे पाहिल्यावर संपृक्त द्रावण हा शब्द द्यावा. त्याआधी नको.

तिसरा टप्पा: कोरडी मिश्रणे

गटांना चार-पाच मिश्रणे द्यावीत आणि प्रत्येकाबरोबर एक चिठ्ठी द्यावी, जिच्यावर फक्त एवढेच लिहिलेले असेल: ‘हे दोन पदार्थ कशात वेगळे आहेत?’ मिश्रणे विचारपूर्वक निवडावीत. शेंगदाणे आणि फुटाणे रंगाने व आकाराने वेगळे दिसतात, ते हाताने वेचता येतात. रवा आणि मूग यांत कणांचे आकारमान वेगळे, म्हणून चाळण चालते. कोणत्या चाळणीने, हे मुलांनी तिन्ही चाळण्या वापरून ठरवावे. पिठाच्या चाळणीतून रवाही खाली जात नाही, वाळूच्या चाळणीतून दोन्ही जातात, आणि ‘चाळणीचे भोक दोघांच्या मधल्या मापाचे हवे’ हे वाक्य मुलांकडूनच यायला हवे. तासगाव भागातल्या मुलांना बेदाण्याची प्रतवारी मापाच्या चाळण्यांवर होते हे ठाऊक असते, त्यांना वर्गात ते सांगू द्यावे.

मोहरी आणि तीळ हे मिश्रण मुद्दाम घ्यावे. दाणे जवळपास सारख्याच मापाचे, त्यामुळे घरातली चाळण कामाची नाही आणि वेचायला बसले तर तासिका संपते. ताट थोडे तिरके धरून हलके हलके हलवायला सांगावे. गोल मोहरी भराभर खाली घरंगळते, चपटा तीळ ताटाला धरून राहतो. घरोघरी आजी-आया हेच करत आल्या आहेत, पण मुलाने ते स्वतःच्या हाताने केले की ‘आकारमान’ आणि ‘आकार’ हे दोन निराळे फरक आहेत, हे त्याला कळते.

पाखडण्यासाठी पोषण आहार शिजवणाऱ्या काकूंना वर्गात बोलवावे. सूप धरणे हे कौशल्य आहे आणि ते बहुतेक शिक्षकांना येत नाही, हे मान्य करायला हरकत नाही. कोंडा पुढे उडतो, दाणा मागे राहतो, बारीक खडा सुपाच्या एका कोपऱ्यात जमतो. काकू हे कसे करतात ते मुलांनी शेजारी बसून पाहावे आणि मग थोड्या ज्वारीवर स्वतः करून पाहावे. उफणणीत वाऱ्याने हेच काम होते. मळणी यंत्रातही पंख्याचा झोत भुसा उडवतो, तेव्हा गावात यंत्र आले असेल त्या दिवशी लांबून दाखवून आणावे.

चुंबकासाठी टाचण्या आणि वाळू घेतात, ते ठीक आहे. त्याहून चांगला प्रयोग आपल्या नद्यांच्या वाळूत आहे. कृष्णा, कोयना, वारणा किंवा येरळा यांपैकी कोणत्याही नदीची वाटीभर कोरडी वाळू ताटात पसरावी, चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळावे आणि वाळूवरून सावकाश फिरवावे. पिशवीला काळ्याभोर बारीक कणांची लव चढते. सह्याद्रीतला काळा पाषाण झिजून ही वाळू झाली आहे आणि त्या पाषाणात मॅग्नेटाइट नावाचे लोहयुक्त खनिज असते, तेच चुंबकाकडे येते. पिशवी कोऱ्या कागदावर नेऊन आतून चुंबक काढून घेतले की कण कागदावर पडतात. पिशवीशिवाय चुंबक वाळूत घातले, तर ते कण सोडवत बसण्यात पुढची तासिका जाते.

चौथा टप्पा: गढूळ पाणी

दोन ग्लासांत पाणी घेऊन एकात वाळू आणि दुसऱ्यात मळ्यातली काळी माती ढवळावी आणि घड्याळ लावावे. वाळू काही सेकंदांत तळाला बसते, वरचे पाणी अलगद ओतून घेता येते. काळ्या मातीचे पाणी तासिका संपली तरी गढूळच राहते. यात काही बिघडले असे समजू नये, उलट हाच पाहण्याचा भाग आहे. चिकणमातीचा ०.००२ मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात १० सेंटीमीटर खाली यायला सुमारे आठ तास घेतो आणि त्याहून बारीक कण आणखी वेळ घेतात. मग मुले गाळायचे म्हणतात. मांजरपाटाच्या चार घड्यांतून गाळू द्यावे. कापडावर काडीकचरा आणि जाड कण राहतात, खाली येणारे पाणी बऱ्यापैकी गढूळच असते. कापडाची भोकेही चाळणीच्या भोकांसारखीच मापाची असतात, हे येथे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

आता तुरटी. एक-एक लिटरच्या दोन बाटल्यांत तेच गढूळ पाणी घ्यावे, एकीत तुरटीचा खडा दोरीला बांधून दहा-पंधरा सेकंद फिरवावा आणि दोन्ही बाटल्या सारख्याच हळुवार ढवळून टेबलावर ठेवाव्यात. तुरटीच्या बाटलीत थोड्या वेळाने बारीक गुठळ्या धरताना दिसतात, त्या खाली उतरू लागतात आणि पुढच्या तासिकेपर्यंत वरचे पाणी बरेच निवळलेले असते. शिक्षकांच्या माहितीसाठी कारण असे: मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात, तुरटीतले अॅल्युमिनिअम तो भार कमी करते आणि कण एकत्र येऊन जड होतात. चौथीच्या मुलाला ‘कण एकमेकांना चिकटून जड झाले’ एवढे पुरे.

निवळलेले पाणी पिण्याजोगे झाले, असा समज वर्गातून घेऊन कोणी घरी जाता कामा नये. २००५ आणि २०१९ चे महापूर सोसलेल्या कृष्णाकाठच्या गावांत तर हे निक्षून सांगावे: तुरटीने गाळ बसतो, पण जंतू पूर्णपणे जात नाहीत, त्यासाठी पाणी उकळावे लागते किंवा क्लोरीन वापरावे लागते. जवळच्या जलशुद्धीकरण केंद्रात सहल नेता आली, तर तुरटी, निवळण्याचे हौद, वाळूचे गाळणे आणि शेवटी क्लोरीन हा क्रम मुलांना ओळखीचा वाटेल.

पाचवा टप्पा: खडे मीठ आणि मोठे मिश्रण

बाष्पीभवनासाठी पिशवीतले बारीक मीठ न घेता किराणा दुकानातले खडे मीठ घ्यावे. ते कोकणातून किंवा गुजरातेतून मिठागरांवरून आलेले असते आणि स्वतःच एक मिश्रण असते. पाण्यात विरघळवून कापडातून गाळले की कापडावर करडा गाळ राहतो, त्याने मुले चकित होतात. गाळलेले पाणी स्टीलच्या ताटात पातळ थर होईल असे ओतून उन्हात ठेवावे; ग्लासात ठेवले तर कितीतरी जास्त दिवस लागतात, आणि का लागतात हा प्रश्न मुलांना विचारावा. ताटावर मलमल टाकून कडेने दोरी बांधावी, नाही तर धूळ पडून सगळी मेहनत वाया जाते. पाणी सावकाश आटले तर कडेला चौकोनी स्फटिक दिसतात, ते भिंगाखाली धरावेत.

यानंतर प्रत्येक गटाला मोठे मिश्रण द्यावे: ५० ग्रॅम वाळू, १० ग्रॅम मीठ, चमचाभर लाकडाचा भुसा आणि वीस टाचण्या. कृती सांगू नये. आधी चारही पदार्थांतले फरक लिहायचे, मग क्रम ठरवायचा आणि शिक्षकांना दाखवूनच हात लावायचा. क्रम महत्त्वाचा आहे. जो गट पहिल्यांदा पाणी ओततो, त्याच्या टाचण्या ओल्या होऊन वाळूला चिकटतात आणि दुसऱ्या दिवशी गंजलेल्या निघतात; त्याला तसे करू द्यावे. बहुतेक गट शेवटी या वाटेने जातात: कोरडे असतानाच चुंबकाने टाचण्या, मग १०० मिलिलीटर पाणी घालून ढवळणे, तरंगणारा भुसा गाळणीने काढून घेणे, वरचे पाणी ओतून कापडातून गाळणे, आणि ते ताटात उन्हात ठेवणे. एक पायरी हमखास राहते. उरलेल्या ओल्या वाळूत मिठाचे पाणी असतेच. ती थोड्या पाण्याने पुन्हा धुऊन ते पाणीही ताटात ओतले नाही, तर मीठ कमी भरते. मिळालेले मीठ वजन करायला लावावे. आठ-नऊ ग्रॅम आले तर उरलेले कुठे राहिले हे शोधावे, आणि दहाच्या वर आले तर ते अजून ओलसर आहे किंवा त्यात बारीक माती आहे, हे मुलांनी सांगावे.

गुऱ्हाळाची भेट

उसाच्या पट्ट्यातल्या शाळेला हिवाळ्यात गुऱ्हाळासारखी प्रयोगशाळा मिळणार नाही. आधी गुऱ्हाळमालकांशी बोलून वेळ ठरवावी, मुलांना काहिलीपासून, म्हणजे रस उकळण्याच्या मोठ्या कढईपासून, चांगले लांब दोरीच्या मागे उभे करावे, आणि प्रत्येक गटाला एकच काम द्यावे: कुठे कुठे काय वेगळे झाले, ते लिहायचे. चरकात रस आणि चिपाड वेगळे होते, रस गाळताना उसाचा चुरा वेगळा होतो, काहिलीत उकळताना वर येणारी मळी झाऱ्याने काढतात, आणि शेवटपर्यंत वाफेच्या रूपाने पाणी जात राहते. मळी धरण्यासाठी काही ठिकाणी रानभेंडीच्या चिकाचे पाणी घालतात. तेथे तुरटीची आठवण करून द्यावी, कारण बारीक कण एकत्र धरण्याचेच काम येथे चालले आहे. उसाच्या वजनाच्या साधारण दहा-बारा टक्के गूळ पडतो, हे ऐकल्यावर बाकीचे कुठे गेले याचा हिशेब मुले लिहिलेल्या यादीवरून लावू शकतात. ऊस नसलेल्या भागात बेदाण्याचे शेड चालते: सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो आणि गेलेले जवळजवळ सगळे पाणीच असते.

मूल्यमापन

लेखी प्रश्नांत वर्गात केलेले मिश्रण देऊ नये. न केलेले द्यावे: रवा आणि साखर, खोबरेल तेल आणि पाणी, राख आणि मीठ. गुण तीन भागांत द्यावेत, फरक ओळखण्याला सर्वांत जास्त, क्रमाला त्याखालोखाल आणि पद्धतीच्या नावाला सर्वांत कमी. नाव विसरलेल्या पण ‘साखर पाण्यात जाईल, रवा कापडावर राहील, मग पाणी उन्हात ठेवायचे’ असे लिहिणाऱ्या मुलाला जवळजवळ पूर्ण गुण मिळायला हवेत.

हुशार मुलांसाठी शेवटी मीठ आणि साखर द्यावे. दोन्ही पांढरी, दोन्ही पाण्यात विरघळणारी, चुंबकाला न जुमानणारी, आणि दाणे मापाने सारखे असतील तर चाळणही हात टेकते. भिंगाखाली दाणे ओळखून सुईने एकेक वेचता येतात, पण वाटीभर मिश्रणाला ते परवडत नाही. एखादे मूल ‘बाई, मुंग्यांना सोडू या की, साखर त्याच नेतील’ असेही म्हणते; त्याने फरक बरोबर पकडलेला असतो, तेव्हा हसून सोडून न देता त्या भागाचे गुण द्यावेत. वर्गात वापरलेल्या पद्धतींनी हे मिश्रण वेगळे होत नाही, हे शिक्षकांनी सरळ सांगावे, आणि ‘जमणार नाही, कारण आम्हाला उपयोगी पडेल असा फरक सापडला नाही’ असे लिहिणाऱ्या गटाचे उत्तर बरोबर धरावे.